तांब्याचे फनेल, नग चोवीस

चंपतराव ठवकर माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसत, आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. अकरा वर्षं दुर्गच्या मालधक्क्यावर ज्यानं काढली, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा तरी काय करायची? व्यापारी पोत्यावर 'ढेप', म्हणजे गुरांची पेंड, असं लिहून आणणार, कारण ढेपीला रेल्वेचं भाडं कमी. चंपतरावांनी पोत्यात परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार पन्हळ, खुपसली की आतून शेंगदाणे घरंगळत बाहेर. मग व्यापारी कानाला हात लावणार, हमालाला शिव्या घालणार, शेवटी चहा मागवणार. चंपतराव चहा प्यायचे आणि पावतीवर शेंगदाणेच लिहायचे. धक्क्यावरच्या जुन्या बाबूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, 'सांगतात ते लिहू नको, दिसते ते लिही.' ही शिकवण अंगात इतकी मुरली होती की घरी वच्छलानं भाजीत मीठ बरोबर आहे म्हटलं तरी ते आधी बोटानं चाखून पाहत.

सत्तावन्न साली त्यांनी ही पक्की नोकरी सोडली. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि रोज रशियाहून आलेल्या खोक्यांच्या वाघिणी येऊन उभ्या राहत होत्या. भिलाईला लागूनच असलेल्या सुपेल्याच्या बाबुलाल सेठनं ठेकेदारांचा जहाजी माल सोडवून द्यायची एजन्सी उघडली होती. त्याला माल ओळखणारा माणूस हवा होता. पगार रेल्वेपेक्षा चांगला, वर गोदामामागची खोली फुकट. वच्छला म्हणाली, "रेल्वे म्हंजे रेल्वे असते बाप्पा. सेठचा काय भरोसा?" पण चंपतरावांनी ऐकलं नाही. ऐकायची सवय असती तर ते चंपतराव कशाला? दोन पोरी, एक लोखंडी ट्रंक आणि तोंड फुगवलेली बायको घेऊन ते दुर्गचं क्वार्टर सोडून सुपेल्यात राहायला आले.

आता हे जहाजी काम काय असते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा ध्यानात येईल. परदेशाहून माल आला की सरकार त्यावर कर घेते. त्याला म्हणतात ड्यूटी. कोणत्या मालाला किती ड्यूटी, याचं एक जाडजूड टॅरिफ पुस्तक असते. जगातली एकूण एक वस्तू त्यात कुठल्या ना कुठल्या कलमाखाली बसवलेली, आणि कलमासमोर दर. वस्तूचं कलम सापडलं की दरासाठी डोकं चालवावं लागत नाही, बोट आडवं सरकवलं की झालं. म्हणून भांडण दिसते दराचं, पण खरं भांडण असते ते 'ही वस्तू आहे तरी काय' याचं.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात सेठनं चंपतरावांना बंदरावर पाठवलं. एका ठेकेदाराची चोवीस खोकी उतरली होती. सोबत रशियन यादी आणि तिचं इंग्रजी भाषांतर. भाषांतरात लिहिलेलं, 'झोतभट्टीत हवा सोडण्याची तोंडं, यंत्राचा भाग.' चंपतराव ते वाचून गालातल्या गालात हसले. यंत्राच्या भागांना दर कमी, हे त्यांना एव्हाना पाठ झालं होतं. मग कोणता शहाणा आपल्या मालाला यंत्राचा भाग म्हणणार नाही? ढेप म्हणून शेंगदाणे खपवणारे दुर्गात होते तसे रशियातही असणारच की!

एका खोक्याची फळी उतरवताना मोडली होती. चंपतरावांनी आत डोकावलं, हात घातला. लख्ख तांबं. एका बाजूनं रुंद, दुसऱ्या बाजूनं निमुळतं, मधे आरपार भोक. चंपतराव मनाशी म्हणाले, "पकडला बेट्याला!" आणि सरकारी कागदावर, वस्तूच्या वर्णनाच्या रकान्यात, आपल्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहून टाकलं, तांब्याचे फनेल, नग चोवीस.

कस्टमवाल्यांनी काय करावं? माल सोडवणाराच लिहून देतो आहे तांब्याचे फनेल, तर त्यांनी तो तांब्याच्या किरकोळ वस्तूंच्या कलमात टाकला. दर यंत्राच्या कितीतरी पट. ठेकेदारानं बोंब ठोकली. भट्टीचं काम अडलेलं, म्हणून हमीपत्रावर खोकी भिलाईला जाऊ दिली. पक्का दर मात्र कस्टमचे तपासनीस साहेब स्वतः येऊन, माल पाहून ठरवणार होते. आणि या चोवीस खोक्यांमागून अशीच आणखी खोकी समुद्रात होती. पहिल्या लॉटला जे कलम लागेल तेच पुढच्या सगळ्यांना लागणार.

भिलाईच्या यार्डात खोकी उघडली तेव्हा चंपतराव तिथं हजर होते. एका दांडग्या रशियन इंजिनियरला दुभाष्यानं कागदावरचं वर्णन वाचून दाखवलं. त्यानं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग त्यानं तोंडाला नरसाळं लावून घोट घ्यायची नक्कल केली आणि पोट धरधरून असा हसला की भोवतीचे खलाशी, म्हणजे ओझी हलवणारे मजूर, तेही हसू लागले. चंपतरावांचं तोंड लाल झालं. अकरा वर्षांत त्यांच्या पावतीला कोणी हसलं नव्हतं. हसतो म्हणजे घाबरला आहे, असं त्यांनी मनाला समजावलं. पण मन काही समजेना.

दुसऱ्या दिवशी वच्छलानं विळ्याला धार लावून आणायला पिटाळलं. सुपेल्याच्या चौकाजवळ केवलराम लोहार झाडाखाली भट्टी लावून बसायचा. त्याची बायको भाता हलवत होती, आणि केवलराम भात्याच्या पुढची मातीची नळी उपसून काढत होता. नळीचं टोक जळून वाकडं झालेलं. त्यानं ती फेकली आणि नवी बसवली.

"हे काय करून राहिला?" चंपतरावांनी विचारलं.

"मुँह जर जाथे बाबू," केवलराम म्हणाला. "आगी म रहिथे त कतका दिन चलही? महीना म बदले बर परथे." म्हणजे तोंड आगीत राहून जळतं, महिन्याला बदलावंच लागतं.

चंपतरावांनी फेकलेली नळी उचलून पाहिली. एका बाजूनं रुंद, दुसऱ्या बाजूनं निमुळती, मधे आरपार भोक. त्यांनी ती हातात फिरवली. भात्याचं तोंड! हवा भट्टीत नेऊन सोडणारं तोंड! भट्टी मोठी म्हणून तोंड मोठं, आग मोठी म्हणून मातीऐवजी तांबं. रशियन यादीतला शब्दन् शब्द खरा होता, आणि खरं लिहिणाऱ्याला आपण चोर ठरवलं होतं. विळा तिथंच विसरून ते तरातरा एजन्सीत आले.

एजन्सीतलं टॅरिफ पुस्तक कधी कोणी वाचलेलं नव्हतं. आधीचा कारकून मागची अक्षरवार सूची उघडायचा, तांबं दिसलं की तांब्याचा दर, काच दिसली की काचेचा दर, सुटी. चंपतराव चार दिवस त्या पुस्तकाला चिकटून बसले. मालधक्क्याच्या माणसाला दराच्या पुस्तकाची भीती नसते. दुरुस्तीच्या छापील चिठ्ठ्या तशाच पुडक्यात पडून होत्या, त्या त्यांनी खळ लावून जागच्या जागी चिकटवल्या. मग कलमं शब्दाशब्दानं वाचली. आणि बघता बघता पुस्तक त्यांच्याशी बोलायला लागलं. तांब्याच्या कलमात लिहिलेलं, 'ज्यांचं नाव दुसरीकडे घेतलेलं नाही अशा वस्तू.' म्हणजे तांब्याचं कलम स्वतःच सांगत होतं, आधी दुसरीकडे पाहा, कुठं जागा मिळाली नाही तरच माझ्याकडे या. मग त्यांनी यंत्राच्या भागांचं कलम उघडलं. तिथं दोन अटी होत्या. ज्याच्यावाचून यंत्र चालत नाही तो भाग, आणि ज्याला त्या कामासाठीच असा आकार दिला आहे की तो दुसऱ्या कामाला लागत नाही. चंपतरावांनी पुस्तकावर थाप मारली. "च्यामायबीन! हे तर उघडं आहे!" पुस्तकाला वस्तू कशाची आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं. ती कशासाठी आहे ते पुस्तक आधी विचारत होतं. त्यांनी डोळ्यानं पाहिलं होतं ते तांबं खरंच होतं, पण डोळा तिथंच थांबला होता.

ते सरळ सेठसमोर उभे राहिले.

"सेठ, आपला कागद गलत आहे. दुरुस्तीचा अर्ज द्या लागते."

बाबुलाल सेठ पान लावत होता. वाईट माणूस नव्हता, पण धंद्याचा माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ड्यूटी कौन भरेगा? ठेकेदार. हमारी जेब से क्या जाता है? और हम लिखकर दें कि हमने गलत लिखा, तो मेरा लायसन्स किसके बाप का है?"

"पण हे फनेल नाही सेठ."

"लिखा किसने? तुमने. तो अब फनेल ही है." सेठनं टाईप केलेला एक कागद पुढं सरकवला. त्यात लिहिलं होतं की मी माल समक्ष पाहिला, वर्णन बरोबर आहे, माल म्हणजे तांब्याचे फनेलच आहेत. खाली चंपतरावांच्या सहीची जागा. "गुरुवारी साहब येतील. तेव्हा ही दस्तखत केलेली पाहिजे. नाही तर खोली खाली करा. समझे?"

चंपतराव कागद घेऊन घरी आले. वच्छला तांदूळ निवडत होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं, केवलरामाच्या नळीपासून सेठच्या कागदापर्यंत. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"रेल्वे सोडू नोका म्हटलं, तर सोडली. आता ही खोलीही सोडता? पोरीयले घेऊन कुठं झाडाखाली बसू का?"

"मंग खोटं लिहून देऊ का?"

"आधी लिहिलं तवा नाही समजलं का खोटं हाये ते?"

हे मात्र झोंबलं. चंपतराव उसळून म्हणाले, "तवा मले खरंच तसं वाटलं होतं वच्छले! चुकलो मी. साफ चुकलो. गाढवपणा केला. पण चुकणं येगळं, अन् मालूम असून सही ठोकणं येगळं. अकरा साल मी लोकायच्या पोत्यात परखी घातली. ढेप म्हणून शेंगदाणे आणणाऱ्याले मी चोर म्हटलं. आता मीच मशीनले फनेल म्हणून सही करू? कावून करू? एका खोलीसाठी?"

"एका खोलीतच राहून राहिलो आपण," वच्छला म्हणाली आणि सूप पुन्हा पुढं ओढलं. त्या दिवशी ती त्यांच्याशी आणखी काही बोलली नाही. बुधवारीही नाही.

गुरुवारी सकाळी तपासनीस साहेब यार्डात आले. बारीक अंगाचे, चष्मेवाले, उन्हानं हैराण झालेले. बोलायचे इंग्रजीत आणि मोडक्या हिंदीत, पण मराठी त्यांना समजायची. सेठनं त्यांच्यासाठी छत्री धरली, सरबत मागवलं. एक खोकं उघडलेलं होतं. साहेबांनी आत पाहिलं, बोटानं तांबं ठोकलं, आणि म्हणाले, "तांबं आहे. आकार फनेलचा आहे. कागदावर फनेल आहे. मला दुसरं काय ठरवायचं आहे?"

"कुछ नहीं साहब," सेठ म्हणाला. "हमारे बाबू का दस्तखत भी ले लीजिए."

चंपतराव पुढं झाले. "साहेब, फनेल असेल तर उचलून दाखवा."

सेठचा चेहरा पडला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणालात?"

"फनेल माणूस एका हातानं उचलते अन् डब्याच्या तोंडात ठेवते. हे उचला. याच्यातून घासलेट ओता." त्यांनी चार खलाशांना हाक मारली. चौघांनी दोराला धरून ते धूड बाहेर काढलं, तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. साहेब दोन पावलं मागं सरले.

"जड आहे म्हणून ते फनेल नाही, असं पुस्तकात कुठे लिहिलं आहे?" साहेब म्हणाले. माणूस हुशार होता, आणि चंपतरावांना ते आवडलं. मालधक्क्यावर असं भांडायला कोणी मिळत नसे.

"नाही लिहिलं साहेब. पण हे लिहिलं आहे की आकार दुसऱ्या कामाचा नसला पायजे. पाहा." चंपतरावांनी पाण्याची बादली आणि एक तांब्या मागवला. रुंद बाजूला, कडेला, दोन बारकी तोंडं होती. बंदरावर फळीतून हात घातला तेव्हा ती त्यांना लागलीच नव्हती; नंतर यार्डात नीट पाहताना सापडली. त्यातल्या एकात त्यांनी रबरी नळी बसवली आणि त्या तांब्यानं नळीत पाणी ओतायला सुरुवात केली. पाणी कुठं गेलं ते दिसेना. एक तांब्या, दोन तांबे, पाच, सात. साहेब वाकून पाहू लागले. आणि मग दुसऱ्या तोंडातून भळभळ पाणी यायला लागलं.

"भिंत दुहेरी हाये साहेब. आतून पोकळ. बीचमधून हवा जाते, अन् भिंतीतून पाणी फिरते, म्हणून आगीत तांबं वितळत नाही. पाणी बंद केलं तर हे गेलं, हे नसलं तर भट्टीत हवा नाही, अन् हवा नाही तर कायची भट्टी? सांगा मले, कोणत्या किराण्याच्या दुकानात पाण्यानं थंड होणारं फनेल इकते?"

साहेबांनी पुस्तक मागितलं. चंपतरावांनी पान उघडूनच ठेवलं होतं. साहेबांनी आधी तांब्याचं कलम वाचलं, मग यंत्राच्या भागाचं, मग पुन्हा तांब्याचं. त्यांनी ताज्या चिकटवलेल्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. मग पुस्तक मिटून म्हणाले, "वस्तू मला पटली. पण कागदावर फनेल आहे, आणि कागद हवेत विरत नाही. चुकीचं वर्णन दिलं आहे, तर ते कोणी दिलं हे मला लिहून पाहिजे. ज्यानं दिलं त्याचा बंदराचा पास जाईल. त्याला पुन्हा हे काम करता येणार नाही. आणि कोणी लिहून देत नसेल, तर मी वर्णनाप्रमाणे दर लावून मोकळा होतो."

सेठनं लगेच टाईप केलेला कागद पुढं केला. त्याच्या आवाजात आता गोडवा होता. "चंपतराव, बच्चों का सोचो. दस्तखत कर दो. पगार भी बढ़ा दूँगा. किसका क्या बिगड़ता है?"

खरं सांगायचं तर चंपतरावांनी तो कागद हातात घेतला. त्यांना दोन्ही पोरी दिसल्या, रेल्वेचं सोडलेलं क्वार्टर दिसलं, आणि तांदूळ निवडणारी वच्छला दिसली. पास गेला म्हणजे या कामाचे सगळे दरवाजे बंद, आणि रेल्वे तर परत घेणारच नव्हती. पण समोर ते तांब्याचं धूड पडलं होतं, त्यातून अजून पाणी ठिबकत होतं, आणि त्याला फनेल म्हणायला त्यांची जीभ उचलेना.

त्यांनी सेठचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, खोक्याच्या झाकणावर टेकवून, त्याच वळणदार अक्षरात लिहिलं. फनेल हा शब्द मी लिहिला. मला कोणी लिहायला सांगितला नव्हता. मी रशियन यादी खोटी समजलो, ती माझी चूक. ही वस्तू फनेल नाही, भट्टीचा भाग आहे.

"नाव लिहा," साहेब म्हणाले. "खाली हुद्दा."

"हुद्दा-फुद्दा कुछ नहीं!" सेठ ओरडला. "आज से ये मेरा आदमी नहीं है!"

चंपतरावांनी सही केली. हुद्द्याच्या जागी क्षणभर पेन थांबलं. मग त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'काही नाही', आणि कागद साहेबांच्या हातात दिला.

"सेठ," ते म्हणाले, "तुमचं लायसन्स वाचवलं मी. कोणी सांगितलं नाही असं लिहून देल्लं. आता मले खोलीची किल्ली मागायले याल तर जरा हळू आवाजात मांगा."

साहेबांनी आपल्या वहीत कलमाचा आकडा लिहिला, बोट आडवं सरकवलं आणि समोरचा दर उतरवून घेतला. जाताना ते चंपतरावांसमोर थांबले, मान हलवली आणि जीपमध्ये बसले.

चंपतराव भर उन्हात यार्डापासून सुपेल्यापर्यंत पायी आले. वच्छलाला काय सांगायचं याची वाक्यं वाटेत चार वेळा जुळवली आणि चार वेळा मोडली. गोदामाच्या मागं वळले तर खोलीच्या ओट्यावर गाद्यांची वळकटी बांधून ठेवलेली. भांडी पोत्यात. दोन्ही पोरी वेण्या घालून, चपला घालून बसलेल्या. वच्छला ट्रंकेवर गुडघा देऊन कडी लावत होती.

"हे काय?" चंपतराव म्हणाले. "सेठचा माणूस आला होता का?"

"कोणी नाही आलं. तुमी सकाळी निघाले तवाच बांधायले घेतलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सही केली?"

"केली. पण मीच लिहिलं त्याच्याखाली."

"मले मालूम होतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग. दोन्ही तिनं लपवलं नाही. "अन् दर? दर कोणता लागला?"

"मशीनचा."

वच्छलानं ट्रंकेची एक कडी पकडली.

"मंग उभे काय राहिले? तिकडून धरा. जड हाये."